कॅप्स लॉकवरची टिकली

आमच्या महाडच्या घरी आईच्या की-बोर्डवर एक लाल टिकली चिकटवलेली आहे. डावीकडे, कॅप्स लॉकच्या बटणावर. पाहुणे विचारतात, हे काय? हळदीकुंकवाला की-बोर्डलाही कुंकू लावता की काय? आई शांतपणे सांगते, "तो माझा कॅमेरा आहे."

ह्या टिकलीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. एकदा अर्धं लिहून ठेवलं आणि तसंच राहिलं. परवा मावसभावाचा फोन आला, तेव्हा ठरवलं की आता पूर्ण करायचंच. विषय तसा तांत्रिक आहे, कॉम्प्युटरचा स्क्रीनशॉट एका बटणावर कसा आणायचा हा. पण आमच्याकडे कुठलीच गोष्ट नुसती तांत्रिक राहत नाही, त्यामुळे जरा लांबण लागेल. सांभाळून घ्या.

सुरुवात पुरापासून करावी लागेल. महाडची कुठलीही गोष्ट सांगायची तर पूर मध्ये येतोच.

आमचं घर बाजारपेठेच्या बाजूला. सावित्री आणि गांधारी, दोन्ही नद्या गावाला बिलगून वाहतात, त्यामुळे पावसाळ्यात पाणी येणार हे इथे लहान मुलालाही ठाऊक असतं. जुलै २००५ च्या पुरात पाणी घरात जिथवर चढलं होतं, तिथे बाबांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली होती. बाबांना तारीख घालायची फार हौस. २००५ नंतर घरातली प्रत्येक मोलाची वस्तू त्या रेघेच्या हातभर वर ठेवायची असा नियम झाला. बाबा २०१४ साली गेले, पण नियम राहिला. फोटोंचे अल्बम, कागदपत्रं, बाबांचा रेडिओ, सगळं रेघेच्या वर.

२२ जुलै २०२१ ला पाणी रेघेच्या वर गेलं.

त्या दिवशी मी पुण्यात होतो. वीज गेलेली, मोबाईल बंद, महाडमधला एकही नंबर लागत नव्हता. संध्याकाळनंतर तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळल्याच्या बातम्या यायला लागल्या. तिथे ऐंशीच्या वर माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. पोलादपूरला माझी मावशी. तिचाही फोन लागत नव्हता. आई शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर सुखरूप आहे हे मला कळायला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसाबद्दल मी अजून काही लिहू शकलेलो नाही, आजही लिहिणार नाही.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघ्यापर्यंत चिखल होता. अल्बम सापडले, पण फोटो एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. ओले फोटो स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने धुवून सुटे सुटे वाळवायचे असतात, चिकटलेले वाळू द्यायचे नसतात, हे मला नंतर कळलं. आम्ही ते उन्हात ठेवले आणि वाळल्यावर ओढून काढले. फोटोच्या कागदावरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो. पाण्यात तो फुगतो आणि विरघळतो. त्यामुळे झालं काय, की चित्रं गेली आणि मागचा कोरा कागद राहिला. म्हणजे कोरा नाही. बाबांनी प्रत्येक फोटोच्या मागे बॉलपेनने तारीख आणि जागा लिहिलेली होती. बॉलपेनची शाई पुरेशी टिकली. आता आमच्याकडे एका डब्यात चाळीसेक कागद आहेत. 'रायगड, रोपवेखाली, ४-१-९८.' 'पोलादपूर, अक्काच्या अंगणात, दिवाळी ८६.' उलटून बघावं तर तपकिरी डाग.

आईने तो डबा टाकू दिला नाही.

तर ही अक्का म्हणजे माझी मावशी, आईची मोठी बहीण. महाड ते पोलादपूर अंतर ते किती, १७-१८ किलोमीटर. एसटीत बसलं तर एक डुलकीसुद्धा पुरी होत नाही. पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या, तेव्हापासून पावसाळ्यात त्या रस्त्याने जायला आई राजी नसते. वर्षाच्या आत नवा पूल झाला, तिला तो ठाऊकही आहे. पण भीतीला पूल नसतो. मावशीचे गुडघे गेलेले, ती अंगणात उतरायची तरी कोणाचा तरी हात धरून. २०२२ च्या दिवाळीनंतर आईलाच अर्धांगाचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले, बोलणं परत आलं, काठी घेऊन चालायला लागली. उजवा हात मात्र पुरता आला नाही. चमचा धरते, बोटं सुटी सुटी हलत नाहीत.

दोघी बहिणी १७ किलोमीटरवर, आणि भेट वर्षातून एकदा झाली तर झाली. म्हणून मी माझा जुना कॉम्प्युटर आईकडे नेऊन वरच्या खोलीत लावला (वरच्या, अर्थातच), चांगला मोठा पडदा घेतला, वर कॅमेरा बसवला. मावशीकडे मावसभावाने तसंच केलं. रोज दुपारी जेवणं उरकली की साडेतीनला दोघींचा व्हिडिओ कॉल. विषय ठरलेले. आज भाजी काय केली, गुडघा, हात, कोण आजारी, कोणाचं जमलं, आणि मग भावकीची उणीदुणी. शनिवार-रविवारी मी महाडला असलो की मीही बाजूला बसून ऐकायचो.

एका रविवारी मावशी सांगत होती की तिच्या सुनेने जुन्या पेटीतली आजीची नथ काढून दिली. सांगता सांगता तिने ती नथ नाकाशी धरली, आणि वयाच्या ७८ व्या वर्षी नवरीसारखी मान तिरपी केली. आई ओरडली, "अरे तो फोटो घे, तो फोटो घे!" मी धावत आलो, माऊस शोधला, खिडकी लहान-मोठी केली, तोवर मावशीने नथ खाली ठेवलीसुद्धा. परत धर म्हटलं तर म्हणते, "चल, मी काय प्रदर्शनात बसलेय?"

आई माझ्यावर चिडली नाही. एवढंच म्हणाली, "सोमवार ते शुक्रवार तर तूही नसतोस."

हे वाक्य मात्र लागलं. सांगायला, मागायला, हाक मारायला लागू नये, एवढीच तिची मागणी होती. झटक्यानंतर पाण्याच्या ग्लासापासून प्रत्येक गोष्ट कोणाकडे तरी मागावी लागणाऱ्या माणसाची मागणी.

म्हटलं, सोपं आहे, स्क्रीनशॉट तर घ्यायचाय. प्रिंट स्क्रीन नावाचं बटण असतंच की.

ह्या बटणाचीही गंमत आहे. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा ते नावाप्रमाणे खरोखरच छापायचं. शिफ्ट धरून दाबलं की पडद्यावरची अक्षरं थेट प्रिंटरकडे रवाना. नव्वदच्या दशकात महाडला मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायचो, तेव्हा चुकून ते बटण दाबून डॉट मॅट्रिक्सचा कर्कश्श आवाज सुरू केल्याबद्दल बोलणी खाल्ली आहेत. पुढे विंडोज आलं आणि हे बटण कागदावर छापायचं सोडून चित्र मेमरीत उचलून ठेवायला लागलं. उचलून ठेवतं, पण कुठे ते दिसत नाही. मग पेंट उघडा, चिकटवा, नाव द्या, साठवा. मला चार पायऱ्या, आईला चार जिने.

मग मी तिला विंडोज, शिफ्ट आणि एस ही त्रिकुटाची युक्ती शिकवायला बसलो. २०१७ पासून विंडोज १० मध्ये ती आहे आणि मी दिवसातून दहा वेळा वापरतो. तीन बटणं एकदम दाबली की पडदा मंद होतो, मग माऊसने हवा तेवढा चौकोन ओढून घ्यायचा. तीन बटणं एकदम! मला ह्यात कधी काही अवघड आहे असं वाटलंच नव्हतं. आईच्या डाव्या हाताशेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं, की ह्या सगळ्या युक्त्या दोन धड हात आहेत असं धरून केलेल्या आहेत. तिचा अंगठा विंडोजवर पोचला की करंगळी शिफ्टवरून सुटायची. तेही जमलं एकदा, तर पुढे चौकोन ओढायला माऊस उजवीकडे! मोबाईलवर करून पाहिलं, तिथेही दोन बटणं एकदम दाबायची असतात. एका हाताने फोन धरायचा की बटणं दाबायची? फोन दोनदा पडला.

जाणकार म्हणतील, स्टिकी कीज का नाही लावल्यास? लावल्या की. शिफ्ट पाच वेळा दाबलं की ही सोय चालू होते, मग बटणं एकदम न दाबता एकामागून एक दाबली तरी चालतात. ज्यांना एकच हात किंवा एकच बोट वापरता येतं त्यांच्यासाठीच ती आहे, आणि पुष्कळांना उपयोगी पडते. पण शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबलं की ते अडकून बसतं, तिसऱ्यांदा दाबेपर्यंत सुटत नाही. आईचं बोट जरा थरथरतं. त्यामुळे एकदाचं दोनदा व्हायचं, आणि मग पुढचं सगळं वेगळंच काहीतरी. शिवाय क्रम लक्षात ठेवायचा. मावशी नथ घालून बसली आहे आणि इकडे आई पुटपुटतेय, "आधी खिडकीचं, मग बाणाचं, मग..." तिसऱ्या दिवशी तिने सांगून टाकलं, "मला एक बटण दे. एकच. स्वयंपाकघरातल्या दिव्यासारखं."

मंडळी, आयुष्यात मला ज्या मागण्या झाल्या, त्यात इतकी नेमकी मागणी कोणी केली नव्हती. ऑफिसातल्या माणसांनी तर नाहीच.

मग मी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, चौकोन ओढायची भानगड नको, अख्खा पडदाच टिपायचा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोज आणि प्रिंट स्क्रीन ही जोडी दाबली की पडद्याचं चित्र आपोआप पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. नावही आपलं आपण घेतं, क्रमांकाने. पडदा पापणी मिटल्यासारखा क्षणभर काळवंडतो, म्हणजे काम झालं हे कळतं. दुसरी गोष्ट, ही जोडी एका बटणाला बांधायची. त्यासाठी पॉवरटॉइज नावाचं मायक्रोसॉफ्टचंच फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात की-बोर्ड मॅनेजर असा एक भाग आहे. डावीकडे लिहायचं कुठलं बटण, उजवीकडे लिहायचं त्याने काय करायचं. हे सॉफ्टवेअर मागे चालू असेल तोवरच बांधलेली गाठ टिकते, म्हणून कॉम्प्युटरबरोबरच ते सुरू व्हावं अशी खूण करून ठेवायची. काही जोड्या विंडोज कोणालाच हात लावू देत नाही. उदाहरणार्थ कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. बाकी रान मोकळं.

आता बटण कुठलं द्यायचं? हा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मी आधी वरच्या ओळीतलं एफ-नऊ दिलं. आई दरवेळी चष्मा वर-खाली करून मोजायची, सहा, सात, आठ... तोवर क्षण गेला. मग इन्सर्ट दिलं, ते उजवीकडे आणि लहान. डावा हात की-बोर्ड ओलांडून तिथवर जायचा आणि वाटेत मनगटाने काहीतरी तिसरंच दाबायचा. शेवटी मी बघत बसलो की तिचा हात मुळात ठेवलेला कुठे असतो. टेबलाच्या डाव्या कडेला. तिथून करंगळी पसरली की पहिलं मोठं बटण कोणतं लागतं? कॅप्स लॉक.

कॅप्स लॉक! मराठी टायपिंग करणाऱ्याला ह्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्या लिपीत मोठी-छोटी अक्षरं नाहीतच. उलट त्रासच. जुन्या ब्लॉगर मंडळींना आठवत असेल, बरहात लिहिताना चुकून कॅप्स लॉक दाबला गेला की 'नाना'चा 'णाणा' आणि 'ताई'ची 'टाई' व्हायची. :) असं हे निरुद्योगी बटण, आणि की-बोर्डवर जागा मात्र पाटलाच्या वाड्याएवढी. त्याला कामाला लावलं.

आईने दाबून बघितलं. पडदा क्षणभर मिटला, उघडला. तिने परत दाबलं. परत. मग उठली, काठी टेकत आरशापाशी गेली, आरशावरच्या टिकल्यांपैकी एक लाल टिकली डाव्या हाताने काढून आणली आणि बटणावर दाबून बसवली. म्हणाली, "आता चुकायची नाही."

एक काम मी तिला न सांगता केलं. तो स्क्रीनशॉट्सचा फोल्डर असा जोडून ठेवला की त्यातल्या प्रत्येक चित्राची एक प्रत इंटरनेटवरून आमच्या खात्यात जाऊन बसते आणि तिथून माझ्या पुण्याच्या कॉम्प्युटरवरही उतरते. वरची खोली झाली तरी महाडच ते. मोलाची वस्तू रेघेच्या वर ठेवणं पुरत नाही, तिची एक प्रत गावाबाहेर पाहिजे, हे आम्ही २०२१ मध्ये शिकलो. बटण कुठलं ह्याची आपण चर्चा करतो, पण दाबल्यावर चित्र जातं कुठे हे त्याहून महत्त्वाचं. हे सगळ्यांनाच सांगावंसं वाटतं.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडे दोनशे चित्रं उतरली.

मी हौसेने बघायला बसलो आणि खरं सांगतो, निराश झालो. मी तिच्यासाठी पूर्वी जे फोटो टिपायचो, त्यात मावशी मधोमध, हसरी, डोळे उघडे. आईच्या चित्रांत मावशीचे डोळे मिटलेले, तोंडात घास, अर्धी मान पडद्याबाहेर. एकात मावशी नाहीच, नुसती रिकामी खुर्ची आणि मागचा कोनाडा. एकात मावशीचा फक्त हात, कॅमेऱ्यासमोर धरलेला, त्यात शेवग्याच्या शेंगा. आणि प्रत्येकात पडद्यावरचा सगळा पसारा. खाली पट्टी, घड्याळ, तारीख, कोपऱ्यात आईचा स्वतःचा छोटा चौकोन.

रविवारी मी तिला म्हटलं, आई, हे मी नीट करून देतो. कडा कापतो, खालची पट्टी काढतो, तुझा तो चौकोन काढतो. खराब असतील ते उडवतो. नुसतीच चालू खिडकी टिपता येते, ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीनने, बटणाला तेच बांधतो.

"तारीख जाईल त्याने?" आईने विचारलं.

म्हटलं, चित्रावरची दिसणार नाही, पण फाईलमध्ये असते.

"फाईलमध्ये असते म्हणजे दिसत नाही. राहू दे. तुझे बाबा मागे लिहायचे. आता ती पुढेच येते, तर बरंच आहे की."

मी गप्प झालो. डब्यातले ते चाळीस कागद आठवले. तिथे तारीख राहिली आणि चित्र गेलं. मी हौसेने चित्र ठेवून तारीख घालवायला निघालो होतो.

आणि ती रिकामी खुर्ची? त्याबद्दलही विचारलं. तर म्हणाली, "अक्का पाणी प्यायला उठली होती. बघ ना, खुर्चीचा हात धरून आपली आपण उठली. सहा महिन्यांनी. ती गेल्यावर खुर्ची घेतली मी." शेवग्याच्या शेंगा परसातल्या, त्यांच्या आईने लावलेल्या झाडाच्या फुटव्याच्या. कोनाड्यात बघितलंत का, मला विचारते, कोनाड्यात काय आहे? मी मोठं करून बघितलं. एक छोटी फ्रेम. दिवाळी ८६, अक्काच्या अंगणात, बाबा आणि आई. आमचा गेलेला फोटो. त्याची दुसरी प्रत पोलादपुरात कोनाड्यात उभी होती आणि आम्ही कोणी लक्षच दिलं नव्हतं. मी पुढच्याच आठवड्यात पोलादपूरला जाऊन त्याची नीट प्रत करून आणली. पण तो शोध लागला आईच्या 'खराब' स्क्रीनशॉटमध्ये.

तेव्हापासून मी तिची चित्रं कापत नाही आणि उडवतही नाही. काय ठेवायचं हे आजवर मी ठरवत होतो. बटण तिच्या करंगळीखाली गेल्यावर ते ती ठरवायला लागली. तांत्रिक बदल इतकाच, दोन बटणांऐवजी एक. पण नजर बदलली. फोल्डरात माझ्या नजरेची मावशी नव्हती, आईच्या नजरेची होती.

२०२४ च्या थंडीत मावशी गेली. झोपेतच. आदल्या दिवशी साडेतीनचा कॉल झाला होता.

आम्ही पोलादपूरला पोचलो तेव्हा घरात ती नेहमीची शोधाशोध चालली होती, फोटो कुठला लावायचा. तुमच्याही घरी झाली असेल. आधार कार्डावरचा नको, लग्नातला फार जुना, मोबाईलमधल्यांत ती कोणाच्या तरी मागे उभी. मावसभाऊ फोन चाळून चाळून रडकुंडीला आला. मग मी माझ्या लॅपटॉपवर आईचा फोल्डर उघडला. अकराशेच्या वर चित्रं होती. सगळे भोवती जमले. वाड्यातल्या बायका, नातवंडं, सून. कोणी रडत होतं, मध्येच कोणी हसत होतं. "ही बघ, ही बघ, पापड लाटताना झोपली ती!" रात्रभर तेच चाललं.

त्यातला एक निवडला. चष्मा कपाळावर चढवलेला, तोंड उघडं, जोरात हसताना. दादाने फोटोवाल्याला पाठवायच्या आधी कडा कापल्या, खालची पट्टी काढली, कोपऱ्यातला आईचा चौकोन बाजूचा भाग जोडून बेमालूम मिटवला. छान झाला फोटो. हार घालून लावला.

तेराव्यानंतर आई दादाला म्हणाली, "मला न कापलेला दे हो एक. मोठा करून."

तो आता वरच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या मागच्या भिंतीवर आहे. मावशी मोठी, हसणारी. खाली तारीख आणि वेळ, दुपारचे ३:५२. आणि उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी आई, तीही तितकीच जोरात हसणारी. अल्बममध्ये दोघींचे जे फोटो होते, त्यात फोटो काढणारा कधीच नसायचा. बाबा जवळजवळ कुठल्याच फोटोत नाहीत, कारण ते कॅमेऱ्यामागे. ह्या चित्रात बघणारी आणि बघितली जाणारी दोघी आहेत. मी सोय म्हणून अख्खा पडदा टिपायचं ठरवलं होतं, एका हाताला चौकोन ओढता येत नाही म्हणून. ते इतकं बरोबर ठरेल हे मला कुठे माहीत होतं.

परवा दादाचा फोन ह्यासाठीच होता. म्हणाला, त्या न कापलेल्याची एक प्रत मलाही दे रे. कापलेल्यात आई हसतेय, पण कोणाकडे बघून ते कळत नाही.

असो. बऱ्याच जणांनी अधूनमधून विचारलं होतं म्हणून थोडक्यात. विंडोजवर असाल तर वर सांगितलंच. मॅकवर पडदा टिपायच्या जोड्या कमांड-शिफ्ट-३ आणि ४ ह्या आहेत, आणि सेटिंग्जमध्ये की-बोर्डच्या शॉर्टकट्समध्ये जाऊन त्या बदलता येतात. लिनक्सवर ग्नोम वापरत असाल तर तिथेही की-बोर्डच्या सेटिंगमध्ये स्क्रीनशॉटचं वेगळं पान आहे, हवं ते बटण दाबून नेमून द्या. पण आधी एक करा. ज्यांच्यासाठी करताय त्यांच्या शेजारी दहा मिनिटं नुसतं बसा, आणि हात कुठे विसावतो ते बघा. बटण तिथलं द्या. आपल्याला सोयीचं नव्हे.

साडेतीनचा कॉल अजून होतो. आता मावशीच्या जागी तिची सून बसते, आणि मांडीवर मावशीची पणती. पणती सहा महिन्यांची आहे, एक क्षण स्थिर बसत नाही. आई डावी करंगळी टिकलीवर ठेवूनच बोलते.

काल रात्री माझ्याकडे सतरा चित्रं उतरली. सोळांत नुसती धूसर हालचाल. मी एकही उडवलेलं नाही.